लाल बावटा, तुळशीची माळ आणि ‘नास्तिक’ नावाचं लेबल

अटल सेतूवरून मुंबईहून आलात की पूल चिर्ल्याला जमिनीवर उतरतो. तिथून जवळच आमची जासई. तालुका उरण, पण बाहेरच्या माणसाला पत्ता सांगताना आम्ही पनवेलच सांगतो. पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधी "जासई कुठे आली?" या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर होतं: दि. बा. पाटलांचं गाव. रायगडात एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. रायगडाबाहेर मात्र सांगावं लागतं, आणि त्यात ‘शेतकरी कामगार पक्ष’, ‘मार्क्सवाद’, ‘लाल बावटा’ असे शब्द आले की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे तुमच्याकडे सगळे नास्तिक का रे?"

हा प्रश्न ऐकून गावातले म्हातारे खो खो हसतील. कारण आमच्या पट्ट्यात हरिनाम सप्ताहाला विणा धरणारा आणि निवडणुकीत खटाऱ्याचा प्रचार करणारा माणूस बरेचदा एकच असायचा. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर लाल बावटा. कुणाला त्यात काही खटकलं नाही. आणि का खटकावं? मुळात शेकाप जन्माला आला तोच १९४७ साली देवाच्या आळंदीत झालेल्या बैठकीतून. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी तिथे जमली होती. मार्क्सवादाचा अधिकृत शिक्का बसला तो नंतर, १९५० च्या दाभाडी प्रबंधाने. म्हणजे ज्ञानोबांच्या गावात जन्मलेला आणि तीन वर्षांनी मार्क्सची दीक्षा घेतलेला पक्ष! आता याला आस्तिक म्हणायचं की नास्तिक?

१९७० साली सरकारने नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरवलं आणि दिबांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढा चालला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना ही त्या रक्तातून आलेली आहे. त्या दोन दिवसांत रस्त्यावर जे हजारो लोक उतरले त्यांत वारकरी होते, गावदेवीला कोंबडं देणारे होते आणि देवाबिवाच्या भानगडीत न पडणारे कट्टर कॉम्रेडही होते. जमीन सगळ्यांचीच जात होती.

तर विषय हा आहे. देव मानणारा असा असतो आणि न मानणारा तसा असतो, याबद्दल आपल्या डोक्यात काही पक्के साचे आहेत. महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर त्यातला जवळजवळ प्रत्येक साचा मोडतो. आणि एका बाबतीत तर या गैरसमजांची किंमत फार जबर मोजावी लागली. तिकडे येतोच.

आधी शब्दाकडे बघू. आज आपण ‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा असं धरून चालतो. जुन्या शास्त्रकारांच्या लेखी हा अर्थच नव्हता. वेदांचं प्रामाण्य मानतो तो आस्तिक, मानत नाही तो नास्तिक. देवाचा इथे संबंध नाही! म्हणून जगाचा निर्माता ईश्वर न मानणारं सांख्य दर्शन आस्तिकांत बसतं, यज्ञ करा पण ईश्वर कशाला हवा असा एकूण सूर असलेली पूर्वमीमांसाही आस्तिकांतच. आणि जैन, बौद्ध मात्र चार्वाकांच्या रांगेत, नास्तिकांत. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचं नाव तेच राहिलं आणि आतली व्हॅल्यू बदलली. असला बग शोधायला किती त्रास होतो ते कोड लिहिणाऱ्यांनाच माहीत.

याचं आमच्या घरातलं उदाहरण म्हणजे कार्ल्याची एकवीरा. आगरी-कोळ्यांची कुलस्वामिनी. चैत्रात उरण-पनवेलमधून गाड्या भरभरून लोक जातात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात. आईचं देऊळ कुठे आहे? थेट कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहाच्या तोंडाशी. म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘नास्तिक’ म्हटलेल्या धर्माच्या दारात आमची सगळ्यात मोठी श्रद्धा बसलेली आहे. रांगेतल्या कुणाला याचं काही वाटत नाही, आणि ते बरंच आहे.

‘नास्तिकपणा हे पाश्चात्त्य खूळ आहे’ हे वाक्य तुम्हीही कितीदा तरी ऐकलं असेल. चार्वाक काय ऑक्सफर्डला शिकायला गेले होते?

आता माणसांकडे वळतो. पहिले जोतीराव फुले. ब्राह्मण्यावर, पुराणांवर, पुरोहितांवर त्यांनी जे आसूड ओढले त्यामुळे अनेकांना ते नास्तिक वाटतात. त्यांचे विरोधक तर सोडाच, मिरवणुकीत त्यांचा फोटो घेऊन नाचणाऱ्यांतल्याही काहींना वाटतात. पण फुले निर्मिक मानत होते, सगळ्यांचा एक निर्माणकर्ता. २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचं म्हणणं असं की निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. त्यांचं शेवटचं पुस्तक ‘सार्वजनिक सत्यधर्म’, जे ते गेल्यावर १८९१ साली छापलं गेलं, त्याच्या नावातच धर्म आहे. दलालाला विरोध म्हणजे मालकाला विरोध, ही गफलत त्या काळापासून चालू आहे.

दुसरे गोपाळ गणेश आगरकर. हे मात्र खरोखरचे देव न मानणारे. ‘देव नाही मग नीती कुठून येणार, तो माणूस स्वैरच असणार’ या समजाला आगरकरांएवढं सणसणीत उत्तर कुणी दिलं नसेल, आणि तेही न बोलता. कराडजवळच्या टेंभू गावचा, अतिशय गरिबीत शिकलेला हा मुलगा. एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ती न घेता तो टिळकांबरोबर न्यू इंग्लिश स्कूलच्या उद्योगात पडला. आईला त्याने पत्र लिहून आधीच कळवून टाकलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ ला ‘सुधारक’ काढला आणि पुण्यात एवढा राग ओढवून घेतला की लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसनचे प्राचार्य असताना, जेमतेम ३९ व्या वर्षी, १७ जून १८९५ ला ते गेले. गेल्यावर उशाशी एक पुरचुंडी सापडली म्हणतात, स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले, कुणावर बोजा नको म्हणून. आता यात स्वैर काय सापडतं ते शोधून दाखवावं.

बरं, हा मुद्दा उलटाही करता येतो. देव न मानणारा म्हणजे आपोआप सज्जन, पुरोगामी, उदारमतवादी असंही काही नाही. विवेकवादी मंडळींना हे ऐकायला फारसं आवडत नाही, पण खरं आहे. नास्तिक असणं हे कॅरेक्टर सर्टिफिकेट नव्हे, जसं माळ घालणं हेही नव्हे. दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

सावरकरांचं बघा. आज त्यांचं नाव घेऊन जे राजकारण होतं (बाजूने किंवा विरोधात) त्यावरून कुणालाही वाटेल की हा गृहस्थ रोज तासभर पूजा करत असणार. प्रत्यक्षात ते स्वतःला बुद्धिवादी म्हणवत, गाय उपयुक्त पशू आहे, देवता नाही असं लिहीत, आणि आपल्यामागे धार्मिक विधी नकोत, विद्युतदाहिनीत दहन करा असं सांगून १९६६ मध्ये गेले. त्याच माणसाने रत्नागिरीत सर्व जातींना खुल्या असलेल्या पतितपावन मंदिराच्या कामात पुढाकार घेतला, १९३१ साली. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, ‘हिंदुत्ववादी म्हणजे देवभोळा’ हे समीकरण तिथे लागू पडत नाही.

वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. ‘नास्तिकांना धर्मातलं काय कळतं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी. प्राज्ञपाठशाळेत शिकलेला, संस्कृत शास्त्रांत मुरलेला, धर्मकोशाचा संपादक, पुढे मराठी विश्वकोशाचा पहिला प्रमुख संपादक. आणि हाच माणूस मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचा, ‘जडवाद’ आणि ‘हिंदू धर्माची समीक्षा’ लिहिणारा. अस्पृश्यता शास्त्राला धरून नाही हे सांगायला १९३२ च्या सुमारास गांधीजींना याच शास्त्रीबुवांची मदत झाली. धर्म न मानताही त्याचा अभ्यास आयुष्यभर, प्रेमाने करता येतो. (आम्हाला साधं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट पूर्ण वाचायचा कंटाळा. असो.)

आता दुसरी बाजू. कारण गैरसमज दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि शिकलेल्या वर्गात तर देव मानणाऱ्याबद्दलचे जास्त. ‘भाविक म्हणजे भाबडा, प्रश्न न विचारणारा, बुवाच्या पायावर डोकं ठेवणारा.’ गाडगेबाबा कोण होते मग? रात्रभर कीर्तन करायचे, आणि कीर्तनात समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारून विचारून त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे की दगडात देव नाही, बोकड कापून पोरगं बरं होत नाही, कर्ज काढून जेवणावळी घालू नका. पंढरपुरात धर्मशाळा बांधली पण विठ्ठलाच्या दर्शनाला ते रांग लावत नसत. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. या माणसाला कुठल्या खान्यात टाकाल? ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या सिनेमात गाडगेबाबांचं काम केलं ते डॉ. श्रीराम लागूंनी, ज्यांनी पुढे ‘देवाला रिटायर करा’ हा लेख लिहून महाराष्ट्र अंगावर घेतला. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांनी सांगावं, तिथे कुठे नास्तिक दिसतो का?

साने गुरुजींचंही तसंच. अत्यंत भाविक माणूस. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस. विरोध करणारे भाविकच होते, आणि उपोषणाला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे एका वारकऱ्यानेच. भांडण आस्तिक विरुद्ध नास्तिक असं कधीच नव्हतं. देव कुणाचा, हे भांडण होतं.

त्याच भांडणाचा पुढचा अंक शनिशिंगणापूरचा. चौथऱ्यावर बायकांना प्रवेश मिळावा म्हणून २००० साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सत्याग्रह केला. त्यात डॉ. दाभोलकर होते, डॉ. लागू होते, शेकापचे एन. डी. पाटील होते. तेव्हा लोक कुत्सितपणे विचारायचे की देव न मानणाऱ्यांना देवळात जायची एवढी घाई का? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण मला मतदान करायचं नसलं तरी माझ्या बहिणीला मतदानाचा हक्क हवा असं मी म्हणूच शकतो की. शेवटी उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर एप्रिल २०१६ मध्ये तो चौथरा बायकांना खुला झाला. तोवर दाभोलकर राहिले नव्हते.

आणि ‘हे लोक फक्त हिंदूंच्या मागे लागतात’ याचं काय? दाभोलकरांनी मुलाचं नाव हमीद ठेवलं, हमीद दलवाईंवरून. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी फक्त सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला, तोंडी तलाकविरुद्ध. सात! १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, म्हणजे नाव थेट फुल्यांकडून घेतलं. १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं. त्यांनी स्वतःच्या समाजाच्या किती शिव्या खाल्ल्या असतील याची कल्पना करा.

आता जादूटोणाविरोधी कायद्याकडे. सुरुवातीला म्हटलं ना, गैरसमजाची किंमत, ती इथे मोजली गेली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणजे साताऱ्याचा डॉक्टर आणि कबड्डीचा छत्रपती पुरस्कारविजेता खेळाडू. (आमच्या भागात ही दुसरी ओळख पहिलीपेक्षा मोठी ठरावी. उरण-पेण-अलिबाग पट्ट्यात कबड्डी हाही एक धर्मच आहे.) १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. समितीची भूमिका पहिल्यापासून अशी की देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. लागूंना ही भूमिका गुळमुळीत वाटायची. त्यांचं म्हणणं, देव हीच सगळ्यात मोठी अंधश्रद्धा. मग दोघं एकाच व्यासपीठावर बसून गावोगाव जाहीर वाद घालायचे. स्वतः एकमेकांशी भांडणारे नास्तिक लोकांनी पाहिलेच नव्हते! लोकांच्या डोक्यात नास्तिकांची एकच एक टोळी असते.

कायद्याची मागणी विधिमंडळात १९९५ सालीच पोचली होती. २००५ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं आणि पुढे अडकलं. मग मसुदे, दुरुस्त्या, पुन्हा मसुदे. गावोगाव पसरलं काय होतं? सत्यनारायण घातला तर अटक होणार. वारी बंद होणार. नवस बोलला तर दंड. घरात होम केला तर पोलीस येणार. २०११ नंतर वारकऱ्यांच्या संघटनाही विरोधात रस्त्यावर आल्या. दाभोलकर प्रत्येक सभेत हात जोडून सांगत की मसुद्यात असं एकही कलम नाही, तुम्ही वाचा तरी. वाचणार कोण?

कायदा आज सगळ्यांसमोर आहे. त्याच्या अनुसूचीत फक्त बारा गोष्टी आहेत: भूत उतरवण्यासाठी माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, नरबळी, कुणाला चेटकीण ठरवून जगणं मुश्कील करणं, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, अशा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हीही त्यात आहे. यात ‘रोखून’ हा शब्द महत्त्वाचा. मंत्र म्हणा, अंगारा लावा, पण माणसाला गाडीत घालून इंजेक्शनसाठी नेऊ द्या, एवढंच. भातशेतीच्या गावात वाढलेल्याला या कलमाचं महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार.

आणि कायदा कशाला लागू नाही याचीही वेगळी यादी कायद्यातच दिलीय. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली पूजा, देऊळ-दर्गा-गुरुद्वारा-चर्चमधली उपासना, मिरवणुका, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा, कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन. एवढंच काय, वास्तुशास्त्राचा सल्ला, नंदीबैलवाल्यासकट सगळे ज्योतिषी, आणि जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्यासुद्धा! बोअर मारायच्या आधी हातावर नारळ ठेवून शेतात फिरणारा तो बाबा कायद्याने सुरक्षित आहे. लागू असते तर त्यांनी यावर जाहीर वाद घातला असता.

इतक्या सौम्य कायद्याला अठरा वर्षं लागली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. त्यानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. इतकी वर्षं ज्या गोष्टीला वेळ नव्हता ती आठवड्याच्या आत झाली. आणि सुरुवातीच्या गुन्ह्यांपैकी एक, नांदेडचा, मुसलमान आरोपींवर होता. ‘फक्त हिंदूंवर’ म्हणणाऱ्यांनी ती बातमी बहुतेक वाचलीच नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये दि. बा. पाटील गेले होते. जासईसाठी २०१३ म्हणजे दिबांचं वर्ष, त्यामुळे ऑगस्टमधली ती बातमी आमच्याकडे जरा मागे पडली. पण एन. डी. पाटील दोन्हीकडे होते, शेकापमध्येही आणि अंनिसचे अध्यक्ष म्हणूनही. ते २०२२ मध्ये गेले तो दिवस १७ जानेवारी, आमच्या हुतात्म्यांच्या स्मरणाचा. योगायोग आहे, मी त्यात काही शोधत नाहीये!

आमच्या आयटीबद्दलही एक समज आहे, विशेषतः गावात, की इंजिनिअर झाला म्हणजे पोरगा देवाधर्मातून गेला. गावकऱ्यांनी एकदा दसऱ्याला कुठल्याही कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये डोकवावं. रॅकला झेंडूचा हार, युपीएसला हळद-कुंकू, आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज नको म्हणून हट्ट धरणारे संगणकशास्त्राचे पदवीधर. (शुक्रवारचं म्हणाल तर ती अंधश्रद्धा नाही, अनुभव आहे.)

जाता जाता एक आकडा. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या देशात स्वतःला नास्तिक नोंदवणारे लोक होते साधारण ३३ हजार. त्यातले साडेनऊ हजारांहून थोडे जास्त महाराष्ट्रात, सव्वाअकरा कोटींत. पण त्याच जनगणनेत महाराष्ट्रातले बौद्ध ६५ लाखांवर आहेत, आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्यात निर्माता ईश्वर नाही. हे ६५ लाख धार्मिकांच्या रकान्यात आहेत, आणि ते बरोबरच आहे. वारीला जाणारा मार्क्सवादी आणि सत्यनारायणाला तीर्थ घेऊन येणारा, मनातून काहीच न मानणारा माझ्यासारखा एखादा जावई किंवा भाचा, हेही धार्मिकांच्याच रकान्यात. जनगणनेचा माणूस दारात येतो तेव्हा बहुतेक घरांत उत्तर आईच देते.